नादारीचा अर्ज करण्याआधी ते शेत पुन्हा स्वतःच्या नावावर घ्या

प्रश्न: परतूर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. दोन हंगाम उधारी अडकली. बँकेची कॅश क्रेडिट १८ लाख, तिला घर तारण. पतसंस्थेचे ४ लाख, जामीनदार मेहुणा, तो शिक्षक आहे. वितरकांचे ७ लाख. सावकाराचे ३ लाख, शेकडा पाचने. त्याच्याकडे माझे कोरे चेक आहेत. त्यातला एक वटला नाही म्हणून सहा दिवसांपूर्वी वकिलाची नोटीस आली. शेतकऱ्यांकडून मला ११ लाख येणं आहे. आठ महिन्यांपूर्वी माझ्या नावची २ एकर जमीन पत्नीला बक्षीसपत्राने दिली. नव्या कायद्यात नादारी (दिवाळखोरी) घेतली की सगळं माफ होतं म्हणतात. खरं आहे का?

उत्तर: नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, पण तो आजवर फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून लागू झालाय. दुकानदार, नोकरदार, शेतकरी यांना अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा आहे. अर्ज जालन्याच्या जिल्हा न्यायालयात करायचा. ५०० रुपयांवर देणं असलं की अर्ज करता येतो, पण एकदा केला की कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

नादार ठरलात की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मुक्तता, म्हणजे देण्यातून मोकळं करणारा कोर्टाचा आदेश, मिळेपर्यंत वारशाने जे येईल तेही त्यातच. अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, भविष्य निर्वाह निधी, विम्याची पॉलिसी एवढं सुटतं. शेतकऱ्याच्या राहत्या घराला कायद्यात सूट आहे, पण ती ज्याचं पोट मुख्यतः शेतीवर आहे त्यालाच. तुमचं दुकानावर आहे. आणि तसंही तुमचं घर तारण आहे, तारणधारक बँकेचा हक्क नादारीने थांबत नाही. बँकेची ६० दिवसांची मागणी नोटीस आली की लगेच लेखी हरकत द्या आणि एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव त्याच काळात मांडा. ताब्याची कारवाई सुरू झाली तर छत्रपती संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जावं लागतं. घर वाचवायची खरी लढाई तिथे आहे, नादारीत नाही.

मेहुण्याचंही तसंच. तुम्ही मुक्त झालात तरी जामीनदार मुक्त होत नाही, कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. तुम्ही अर्ज केलात की पतसंस्था आधी त्याचा पगार बघेल. म्हणून त्याला अंधारात ठेवून काहीही करू नका. दोघं मिळून पतसंस्थेत जा आणि हप्ते पाडून घ्या. एकदा सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायलाच निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

आता त्या २ एकरांकडे या. पत्नीच्या नावे शेतजमिनीचं बक्षीसपत्र २०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं, म्हणून लोक घाईत करून टाकतात. पण असं फुकट हस्तांतर झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज आला, तर रिसीव्हर ते रद्द करून घेऊ शकतो. ज्यांचं देणं आहे त्यांना फसवायला केलं असं ठरलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. वर मुक्ततेच्या वेळी हाच मुद्दा तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

त्यात तुमचं नुकसान किती, ते आकड्यात बघा. तारण नसलेलं देणं ४ अधिक ७ अधिक ३, म्हणजे १४ लाख. मालमत्ता रुपयाला निदान ५० पैसे या हिशेबाने, म्हणजे ७ लाखांची नसेल, तर पूर्ण मुक्तता अडते. अपवाद एकच: ही स्थिती तुमच्या दोषाशिवाय आली हे कोर्टाला पटवणं. (घर विकून बँकेचे १८ लाख फिटले नाहीत तर उरलेली तूटही या १४ मध्ये मिळते.) तुमच्याकडे ७ लाख दाखवायला दोनच गोष्टी आहेत, ते शेत आणि ती उधारी. शेत लपवलंत आणि उधारी मुदतबाह्य झाली, तर हातात काही उरत नाही. म्हणून पत्नीकडून तसंच बक्षीसपत्र करून जमीन परत घ्या, फेरफार नोंदवा. तुम्हाला एकट्याला आधीचं बक्षीसपत्र रद्द करता येणार नाही, पत्नीची सही लागेलच.

आणि खातेवही उघडा. माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा झाला नाही तर ती उधारी कोर्टात मिळत नाही. मुदत संपायच्या आत शेतकऱ्याने 'एवढी बाकी मान्य' लिहून तारखेसह सही केली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. बाकीच्या आकड्याशेजारीच सही घ्या. मागच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या नसणं हेसुद्धा मुक्तता नाकारायचं कारण आहे. शेतकऱ्यांच्या पीकनुकसानीच्या पंचनाम्यांच्या नकला जोडा. तुमच्या दोषाशिवाय पैसा अडकला, याला तो चांगला आधार आहे.

अर्जात ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, रक्कम आणि तुमची प्रत्येक वस्तू तिच्या किमतीसह लिहावी लागते. सासऱ्यांचे हातउसने वीस हजार असतील तर तेही. आणि आता कुणा एकाच वितरकाला गुपचूप पैसे देऊ नका, अर्जाआधीच्या तीन महिन्यांतलं असं पक्षपाती देणं रद्द होतं. नादार ठरल्यावर अटकेपासून संरक्षण आपोआप मिळत नाही, त्याचा वेगळा अर्ज द्या. मुक्ततेपूर्वी, नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांवर उधार घेतलं तरी गुन्हा होतो, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही.

सावकाराला मात्र या सगळ्याच्या आधी घ्या. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर परवानाधारक सावकारालासुद्धा १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. परवाना नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जालन्याला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्या, सोबत व्याज दिल्याचे फोनपेचे उतारे जोडा आणि पोच घ्या.

चेकच्या फौजदारीला नादारीचं संरक्षण नाही. नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवस, त्यातले तुमचे नऊ उरलेत. कोरे चेक, शेकडा पाच आणि परवाना नसेल तर तोही, असे सगळे मुद्दे असलेलं उत्तर या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने जाऊ द्या, आणि नोटिशीचं पाकीट फेकू नका, तारीख त्याच्यावरच आहे.