जुनी महिंद्रा एमएम 540 जीप मिक्सर ओढताना घाटात तापते, काय करू?

दादा, तुम्ही लिहिलंय की मोकळी जीप कुंभार्ली घाट आरामात चढते, पण मागं टनभराचं काँक्रीट मिक्सर मशीन जोडलं की अर्ध्या घाटातच टेंपरेचरचा काटा लालमध्ये जातो, आणि मेकॅनिक म्हणतोय थर्मोस्टॅट काढून टाकू. आधी हेच सांगतो: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढू नका. खराब असेल तर नवीन बसवा. काढला तर मोकळ्या गाडीत इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, झीजही वाढते. शिवाय ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी) बंद करतो, तिथं तो काढल्यावर थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत फिरतं. म्हणजे ओढताना गाडी उलट जास्त तापते.

मोकळी गाडी तापत नाही याचा अर्थ कूलिंग जेमतेम पुरतंय. हिशोब बघा. जीप, सामान आणि मिक्सर मिळून अडीच टन धरा, चढ सहा टक्के. ताशी 40 ने चढताना नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे 16 किलोवॅट लागतात, ताशी 25 ने 10. आणि डिझेल इंजिन चाकांना जेवढी ताकद देतं, ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यात सोडतं. तुमच्या 2112 सीसीच्या प्यूजो इंजिनात तर डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये पेटतं, त्यामुळे पाण्यात जाणारी उष्णता डायरेक्ट इंजेक्शनपेक्षा जास्तच.

म्हणून घाटात वेग कमी आणि गियरही खालचा. तिसऱ्यात पाय दाबून गुरगुरत ओढू नका. पंखा आणि वॉटर पंप इंजिनाच्याच बेल्टवर फिरतात, आरपीएम पडले की हवाही कमी आणि पाण्याचं फिरणंही कमी, नेमकं गरज असते तेव्हा. दुसरा टाका, इंजिन मोकळं फिरू द्या, पाय अर्धाच ठेवा. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर ते डिझेल ताकदीपेक्षा उष्णताच वाढवतंय. कुणी इंजिनाच्या डिझेल पंपाचं सेटिंग वाढवून ठेवलं असेल तर डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून पूर्ववत करून घ्या. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात खालचा गियर) मात्र डांबरी घाटात नको, वळणांवर पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना जखडतात. साइटवरच्या मातीच्या चढाला जरूर वापरा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. चिपळूणकडून तुम्ही पूर्वेला चढता, आणि उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतो. ताशी 20-25 च्या वेगात मागून वारा असला की जाळीतून आपसूक हवा जवळजवळ शिरतच नाही, सगळा भार एकट्या पंख्यावर. मिक्सर न्यायचाच असेल तर पहाटे निघा.

आता तपासणी. खर्च करण्याआधी सकाळी थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढा, गाडी चालू करा आणि पाण्याकडे बघत राहा. सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा येईल, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबतच नसतील, रेस केल्यावर वाढत असतील, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगमधून, कॉम्प्रेशन पाण्यात येतंय. मग बाकी काहीही बदलून उपयोग नाही. तसं नसेल तर झाकण लावून गाडी गरम करा, रेस द्या आणि कुणाला तरी खालच्या होज पाइपकडे बघायला सांगा. जुना मऊ पडलेला होज पंपाच्या ओढीनं आत चपटा होतो. मोकळ्या गाडीत हे कधी कळत नाही, जास्त आरपीएमलाच दिसतं.

मग रेडिएटर. गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करा आणि जाळीवर हात फिरवा, भाजणार नाही एवढा जपून. जिथं पट्टा गार लागतो तिथल्या नळ्या चोक आहेत. बोअरचं पाणी भरत आलेल्या गाड्यांत क्षार साचून हे हमखास होतं. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफसफाई) करून घ्या, कोअर, म्हणजे नळ्यांची जाळी, गळालेला असेल तर नवीन घाला. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच. झाकणही बदला, स्वस्त आहे आणि महत्त्वाचं आहे: साधं पाणी 100 अंशाला उकळतं, 0.9 बारचं झाकण नीट धरत असेल तर 118 च्या आसपास. पण कंपनीनं दिलंय त्याच प्रेशरचं घ्या. पंख्याभोवतीचं काउलिंग (हवा जाळीतूनच ओढायला लावणारं कव्हर) कुणी काढून टाकलं असेल तर ते परत बसवा, कमी वेगात त्याच्याशिवाय पंखा तीच गरम हवा घुसळत राहतो.

मिक्सरकडेही बघा. थोडं अंतर ओढल्यावर त्याच्या चाकांच्या हबला हात लावा. एक हब दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर बेअरिंग कोरडं पडलंय. हवा कमी असलेले टायरही इंजिनाचाच जीव घेतात.

घाटात काटा चढायला लागला तर लाल होण्याआधीच सुरक्षित जागी थांबा. पाणी शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, थोड्या रेसवर चालू ठेवा, पंख्याला काम करू द्या. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र लगेच बंद. काटा एकदम खाली पडला तर गाडी थंड झाली असं समजू नका, बहुतेक वेळा पाणी सेंडरच्या, म्हणजे काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरच्या, खाली गेलेलं असतं आणि काटा नुसती वाफ मोजत असतो. गरम झाकण उघडायचं नाही, तापल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. मिक्सरच्या चाकामागं दगड लावा, आणि निघताना तो रस्त्यातून उचलून कडेला टाका, रात्री दुचाकीवाल्याला दिसत नाही.