तेल कमी होतंय हे गावाला कसं पटवायचं? कोयनेच्या मापानं सांगा

तुमचा प्रश्न असा: "आमच्या कॉलेजचा एनएसएसचा कॅम्प माण तालुक्यातल्या एका गावात आहे. जगातलं खनिज तेल कमी होत चाललंय या विषयावर मला गावकऱ्यांसमोर पंधरा मिनिटं बोलायचंय. त्यांना पटेल असं कसं सांगू?"

आधी एक पथ्य. 'तेल संपणार' हे दोन शब्द तोंडातून काढू नका. मी काढले होते.

मिरजेत माझं डिझेल पंप आणि नोझलच्या कामाचं दुकान आहे. २००८ च्या जुलैत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला. मी तेव्हा या विषयावर जे मिळेल ते वाचत होतो आणि डोक्यात नुसतं तेल पेटलं होतं. गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळानं रोज एक व्याख्यान ठेवलं होतं, त्यातला एक दिवस मी मागून घेतला. कापडावर मोठा आलेख काढून नेला. वीस वर्षांत ट्रॅक्टर गोठ्यात उभे राहतील, बैल जपून ठेवा, असं छातीठोक सांगितलं. लोक घाबरले, टाळ्याही पडल्या. पुढं जगभर मंदी आली, डिसेंबरात तोच भाव चाळिसाच्या खाली घसरला, आणि सरकारनं पेट्रोल पाच रुपयांनी, डिझेल दोन रुपयांनी उतरवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात एक नेहमीचे तात्या आले. नोझल टेबलावर ठेवत म्हणाले, "काय ओ मिस्त्री, तेल परत भरलं काय कुणी जमिनीत?" त्यानंतर पाच-सहा वर्षं मला या विषयावर गल्लीत कुणी बोलू दिलं नाही. चहाच्या गाड्यावर मी दिसलो की "बैल घेतला का?" हाच नमस्कार.

चूक कुठं झाली ते मला पुढं आमच्याच रानात कळलं.

आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. वडिलांची विहीर बहात्तरच्या दुष्काळातली, तिच्यावर डिझेल इंजिन होतं. विहीर उन्हाळ्यात तळाला जाऊ लागली तशी ८८ साली पहिली बोअर मारली. १८० फुटांवर पाणी, पाइपातून भसाभस. शेजाऱ्यांनी आमची बघून मारल्या, आणि सगळ्यांचं पाणी खाली गेलं. मग साडेतीनशे फूट. मग सहाशे. सहाशेला पाणी लागलं, पण मोटर तासभर चालायची आणि चार तास गप्प बसायची. मग कॉम्प्रेसर बसवून बघितला. हवा दाबून पाणी वर आलं, पहिल्या वर्षी आम्ही खूश, दुसऱ्या वर्षी पाण्यापेक्षा हवाच जास्त. शेवटची बोअर नऊशे फुटांपर्यंत नेली, नुसता फुफाटा उडाला. गाडीवाल्यानं फुटाचा हिशोब मात्र चोख घेतला.

या सगळ्यात आमच्या शिवारातलं पाणी 'संपलं' असा दिवस कधीच उजाडला नाही. आजही त्या सहाशेच्या बोअरला पाणी आहे. पण ते काढायला जो खर्च येतो त्यात बाग जगत नाही. तेलाचंही नेमकं असंच आहे. शेवटचं पिंप कुणीच काढणार नाही, ते तिथंच राहील. वरवरचं, स्वस्तातलं, दाबानं आपोआप उसळणारं तेल आधी उपसलं जातं. मागं राहतं ते खोल समुद्रातलं, दगडात अडकलेलं, वाळूला चिकटलेलं. माणच्या माणसाला बोअर आटण्याबद्दल तुम्ही काय शिकवणार? तो तुम्हाला शिकवेल. तुम्ही फक्त एवढं सांगायचं की काका, अरबस्तानात आणि अमेरिकेत हेच चाललंय.

दोन गोष्टी रंगवून सांगा, त्या लोक ऐकतात.

एक मेक्सिकोची. तिथल्या कँटारेल नावाच्या एका मच्छीमाराला समुद्रावर तेलाचा तवंग दिसला. त्यानं सरकारी तेल कंपनीला कळवलं, आणि १९७६ मध्ये तिथं जगातल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एक सापडलं. त्याला त्या मच्छीमाराचंच नाव दिलं. वीसेक वर्षांनी दाब कमी झाला, तेव्हा २००० साली त्यांनी खाली नायट्रोजन वायू सोडायला सुरुवात केली. म्हणजे आमचा कॉम्प्रेसरच, फक्त अवाढव्य. उत्पादन वाढून २००४ मध्ये दिवसाला २१ लाख पिंपांवर गेलं. पुढच्या पाच वर्षांत ते सात लाखांच्याही खाली आलं. हे मी वाचलं तेव्हा मला आमची तिसरी बोअरच डोळ्यांपुढं दिसली.

दुसरी घरचीच, मुंबई हायची. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात. १९७४ मध्ये सापडलं, १९७६ पासून तेल यायला लागलं, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दिवसाला चार लाख पिंपांच्या वर गेलं. आज त्याच्या निम्मंही येत नाही. नवी यंत्रं आणली, नव्या विहिरी पाडल्या, उतार थोपवला, पण चढ काही परत आला नाही.

आता गावात एखादा शिकलेला पोरगा उठून विचारेलच, "मग अमेरिकेचं तेल वाढलं कसं?" त्याला टाळू नका, मी टाळलं असतं तर दुसऱ्यांदा तोंडावर पडलो असतो. हबर्ट नावाच्या शेल कंपनीतल्या भूवैज्ञानिकानं १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते ७० च्या दरम्यान शिगेला पोचून उतरू लागेल. त्याला हसले. १९७० मध्ये ते खरंच शिगेला पोचलं आणि पुढं जवळजवळ चाळीस वर्षं उतरत गेलं. नंतर शेल नावाच्याच दगडातलं तेल (कंपनीचा संबंध नाही, इंग्रजीत दगडालाही तेच म्हणतात) पाण्याच्या जबर दाबानं खडक फोडून काढायला लागले, आणि गेल्या दशकाच्या अखेरीस १९७० चा आकडा मागं पडला. आपल्याकडं बोअरचं हायड्रोफ्रॅक्चरिंग करतात तोच प्रकार. म्हणजे हबर्ट चुकला का? जुन्या विहिरींबद्दल नाही. नव्या जातीच्या विहिरी येतील हे त्याच्या हिशोबात नव्हतं. या नव्या विहिरींची खोडही सांगा: पहिल्याच वर्षात त्यांचं तेल निम्म्याहून जास्त घटतं, म्हणून सारखी नवी पाडत राहावी लागते.

आमच्याकडं तसंच झालं. बोअरी आटल्यावर म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, कृष्णा उपसून टप्प्याटप्प्यानं वर चढवलेली. रान हिरवं झालं. आणि तेव्हापासून तालुक्यात पावसाइतकीच चर्चा पंपांच्या वीजबिलाची असते.

मापाचं म्हणाल तर कोटी पिंपं, अब्ज डॉलर हे काही सांगू नका. सातारा-सांगलीच्या माणसाला एकच माप कळतं, कोयना. पावसाळ्यात माणूस सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी 'कोयनेत किती टीएमसी', म्हणजे धरणात किती अब्ज घनफूट पाणी, ते बघतो. मी एकदा बसून हिशोब केला. पिंप म्हणजे १५९ लिटर, औषध कालवायच्या निळ्या ड्रमपेक्षा थोडं लहान. जग रोज सुमारे दहा कोटी पिंपं तेल वापरतं. वर्षाचं झालं २०५ टीएमसीच्या आसपास. कोयना १०५ टीएमसीची. म्हणजे काठोकाठ भरलेली कोयना जग वर्षाला जवळजवळ दोनदा रिकामी करतं. पहिल्यांदा लोक म्हणतात, "एवढंच व्हय?" म्हणू द्या. मग थांबून सांगा की कोयना पावसाळ्यात परत भरते, ही तेलाची कोयना भरत नाही. नवे साठे सर्वांत जास्त सापडले ते १९६० च्या दशकात. ऐंशीच्या दशकापासून जग जेवढं शोधतं त्यापेक्षा जास्त उपसतं.

भारताचं वर्षाचं तेल साधारण साडेअकरा टीएमसी, धोम धरणापेक्षा थोडं कमी. त्यातलं आपल्या जमिनीतून आणि समुद्रातून निघतं जेमतेम सव्वा. बाकी विकत. हे फळ्यावर खडूनं लिहा, आलेख नको.

आणि मग तेल गावात आणा. मी तुमच्या जागी असतो तर भाषण पाच मिनिटांचं केलं असतं आणि आधीचे दोन दिवस पोरांना घेऊन गावाचा डिझेलचा ताळेबंद काढला असता. माण-खटावच्या गावांना पाण्याचा ताळेबंद माहीत आहे, श्रमदानाच्या वेळी कित्येकांनी मांडलाय. तसाच हा. किती ट्रॅक्टर, वर्षाला किती तास, रोटाव्हेटरला तासाला पाचेक लिटर धरा. मळणी यंत्र, जेसीबी, दुधाची गाडी, कांदा बाजाराला नेणारा टेम्पो, वडापची जीप. युरियाच्या पोत्यांसाठी वेगळा रकाना ठेवा, कारण युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्या वायूतलाही मोठा हिस्सा आपण बाहेरून आणतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

टँकर विसरू नका. उन्हाळ्यात तुमच्या त्या गावाला टँकर लागत असेल तर तुमचं भाषण तिथंच आहे. भरलेला टँकर लिटरला चार किलोमीटर धड देत नाही, हे मी रोज बघतो. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धरलं तर खेपेला दहा लिटर डिझेल, दहा हजार लिटर पाण्यामागं. पंधरा लिटरच्या हंड्यामागं पंधरा मिली, म्हणजे चहाचे तीन चमचे. एका हंड्यात पाणी भरून ठेवा, शेजारी वाटीत तीन चमचे डिझेल. बायकांना बोलवा, पुढं बसवा. हंडा त्याच उचलतात.

हरकती दोन येतील. पहिली भावाची: "तेल कमी असतं तर भाव कायम चढा असता." त्यांना म्हणा, भाव हा डिपस्टिक, म्हणजे टाकीत तेल किती ते बघायची पट्टी, नव्हे. २०१४ च्या मध्याला कच्चं तेल ११५ डॉलरवर होतं, २०१६ च्या जानेवारीत तिसाच्या खाली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत एक दिवस भाव शून्याच्याही खाली गेला. जमिनीतलं तेल काही त्या दिवशी वाढलं नव्हतं, गिऱ्हाईक घरात बसलं होतं. आणि आपल्या पंपावरच्या भावात मोठा खेळ कराचा असतो. २०१४ ते १६ मध्ये कच्चं तेल घसरत होतं तेव्हा अबकारी कर वाढत होता. गावकरी यावरून सरकारला चार शब्द बोलतील. बोलू द्या, त्यात तथ्य आहे. तुम्ही पक्षाच्या वादात पडलात की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

दुसरी इथेनॉलची. ऊसपट्ट्यातला पाहुणा बसला असेल तर हमखास. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला लागलोय, खरंय. पण लिटरमागं त्याची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. आणि देशात डिझेल जातं पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, त्याचं काय? शिवाय ऊस कारखान्यावर जातो तोही डिझेलवरच.

उपाय विचारतील तेव्हा मोठं काही बोलू नका. सौर पंपाची माहिती हवी असेल तर कृषी सहायकाला त्याच सभेला बोलवा. मी माझ्या धंद्यातलं सांगतो: काळा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल, म्हणजे तुमच्या खिशातली नोट. एअर फिल्टर झाडा, टायरची हवा बघा, नोझल थेंब टाकत असेल तर काढून तपासून घ्या. तेलाच्या जागृतीपेक्षा हे लवकर पटतं, आणि त्यातूनच माणूस लिटर मोजायला लागतो. गल्लीतल्या त्या तात्यांनी गेल्या साली ट्रॅक्टरची वही घातलीय, किती तास आणि किती लिटर. 'बैल घेतला का' मात्र अजून विचारतात.

कॅम्पची तारीख कळवा. रविवार असेल तर टेस्ट पंप आणि दोन नोझल घेऊन येतो, एक चांगलं, एक खराब. फवारा कसा पडतो ते अंधारात बॅटरी मारून दाखवू. फक्त सभा आठनंतर ठेवा, त्याआधी धारा काढायच्या असतात.