नोटिशीतला ‘इव्हिक्ट’ राहू द्या, ‘टेनंट’ काढा

तुमची पोस्ट वाचली. ठाण्यातला फ्लॅट, लिव्ह अँड लायसन्सची मुदत उलटलेली, माणूस हलायला तयार नाही. त्यात वकिलाच्या मसुद्यातल्या ‘इव्हिक्ट’ या क्रियापदाने तुम्ही धास्तावलाय, म्हणजे पोलीस आणून सामान रस्त्यावर टाकायचं का? आमच्या घरी हुबेहूब हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

तो शब्द जितका वाटतो तितका कडक नाही. मालक-भाडेकरूच्या संदर्भात ‘इव्हिक्ट’ म्हणजे कायद्याच्या मार्गाने बाहेर काढणं. काढायचं ते माणसाला. घराचा ताबा परत घ्यायचा असतो. आपल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्येही हाच शब्द आहे: राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्याची खात्री झाली की सक्षम प्राधिकारी (अशा प्रकरणांसाठी याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) ‘इव्हिक्शन’चा आदेश देतो. तेव्हा तो शब्द खुशाल राहू द्या. कुलूप बदलणं म्हणजे मात्र ‘इव्हिक्ट’ नव्हे. तसं केलंत तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम ६ खाली तो माणूस ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच गैरलागू. पाणी-वीज तोडायचा विचारही नको.

माझं डोकं फिरतं ते तुमच्या मसुद्यातल्या पुढच्या दोन शब्दांवर: ‘टेनंट’ आणि ‘रेंट’. करारात लायसन्सी (मुदतीपुरती राहायची परवानगी मिळालेला), मग नोटिशीत तोच माणूस टेनंट, म्हणजे भाडेकरू, कसा झाला? आमची नोटीस ज्या वकिली कार्यालयाने काढली, त्यांनी जुन्याच साच्यात नावं बदलून दिली होती. वडिलांनी विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘काका, सगळ्या नोटिसा अशाच जातात.’ गेली. सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स लागल्यावर लायसन्सीला ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर थेट आदेश होतो. आमच्या महाशयांनी प्रतिज्ञापत्राला आमचीच नोटीस जोडली! मालक स्वतःच मला टेनंट म्हणतात, दरमहा रेंट मागतात, म्हणजे नवी भाडेवहिवाट सुरू झाली, असा युक्तिवाद. भाडेकरू ठरला असता तर प्रकरण भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ मधल्या, भाडेकरूला काढण्याच्या कारणांवर आणि दिवाणी न्यायालयात गेलं असतं, आणि तिथे किती वर्षं लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. लेखी करारातला मजकूर हा निर्णायक पुरावा मानतात, त्यामुळे ते शेवटी टिकलं नाही. पण तोवर तारखांवर तारखा पडल्या. आणि त्या कार्यालयाने काय केलं? त्या प्रतिज्ञापत्राला उत्तर लिहायची वेगळी फी लावली. वडिलांच्या जागी मी असतो तर फाईल तिथल्या तिथे उचलली असती.

म्हणून माझं मत (कोणाला टोकाचं वाटेल) असं की नोटिशीत करारातलेच शब्द वापरायचे, एकही नवा नाही. मुदतीनंतरच्या रकमेला भाडं म्हणू नका, नुकसानभरपाई म्हणा. कलम २४ प्रमाणे ती लायसन्स फीच्या दुप्पट दराने मागता येते. तो खात्यात परस्पर पैसे टाकत असेल तर ते नवीन कराराचे समजणार नाही, असं लगेच लेखी कळवा. नेमका मजकूर आपल्या वकिलाकडूनच घ्या, पण पाठवण्याआधी स्वतः वाचा.

करार नोंदणीकृत आहे असं धरून हे सगळं लिहिलंय. नुसता नोटरी केलेला असेल तर त्याच अधिनियमाचं कलम ५५ बघा. अटींबद्दल समोरच्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोडायचं ओझं तुमच्यावर येतं. तुमच्या पोस्टमध्ये ‘तो तिथे क्लासेसही घेतो’ असं एक वाक्य आहे, तेही वकिलाला सांगून ठेवा, कारण कलम २४ राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरतंच आहे.

जाता जाता: अनामत रक्कम किल्ल्या हातात आल्याशिवाय देऊ नका. त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि ताबा मिळाल्याच्या कागदावर त्याची सही घ्या. आमच्याकडे वीजबिलाची थकबाकी नंतर निघाली.