वाढे, बळस आणि उलटणारी गाय

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे एकच संकरित होल्स्टिन गाय आहे, दुसऱ्या वेताची. श्रावणात व्यायली, वार वेळेत पडली, दूध १४ लिटर आहे. दिवाळीपासून चार वेळा भरवली (कृत्रिम रेतन केलं) आणि चारही वेळा २१-२२ दिवसांनी उलटली, म्हणजे परत माजावर आली. सकाळी धारेच्या वेळी हंबरायला लागली की मिस्टर लगेच फोन करतात, नऊपर्यंत भरवून होते. पण गाय त्यानंतरही दिवसभर हंबरते, दुसऱ्या दिवशी सकाळीही बळस (माजाचा चिकट स्राव) दिसतो. बळस स्वच्छ असतो. ऊसतोड चालू असल्यामुळे दोन्ही वेळा वाढ्यांची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) कुट्टी, थोडा कडबा आणि दिवसाला चार किलो गोळी पेंड देतो. खनिज मिश्रण पावसाळ्यात संपलं, परत आणलं नाही. एकांनी गर्भपिशवीत औषध सोडायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, आता बाजार दाखवा. काय करावं?
– एक वाचक भगिनी, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : ताई, गाय विकू नका. दुसऱ्या वेताची, १४ लिटर देणारी आणि ठरल्या दिवशी माजावर येणारी गाय बाजारात नेली तर घेणाऱ्याचं भलं होईल. तुम्ही तारखा लिहून ठेवल्यात म्हणून मला इथे बसून बरंच काही कळतंय. २१-२२ दिवसांनी उलटते म्हणजे तिचं माजाचं चक्र चोख आहे. हेच अंतर ३५-४० दिवसांचं असतं तर गर्भ राहून मेला असावा, अशी शंका मी घेतली असती आणि तपासाची दिशा वेगळी झाली असती.

आधी वेळेचं बोलते. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. स्त्रीबीज सुटतं ते माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी. तुमची गाय नऊला भरवल्यावरही दुसऱ्या सकाळपर्यंत माजाची लक्षणं दाखवते, म्हणजे तुमची घाई होते आहे. बीज सुटेपर्यंत गोठवलेल्या रेताचा जोर संपलेला असतो. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. भरवल्यावर १२ तासांनीही माज तसाच असेल तर पुन्हा एकदा भरवून घ्या. डॉक्टरांना फोन सकाळीच करा, पण सांगताना माज किती वाजता दिसला तेही सांगा आणि संध्याकाळी या म्हणा. रागावणार नाहीत. उलट नेमकी वेळ सांगणारा पशुपालक आम्हाला क्वचितच भेटतो.

एकच गाय दावणीला बांधलेली असली की आणखी एक अडचण येते. दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय शांत उभी राहते, ही माजाची सगळ्यात खात्रीची खूण तुम्हाला दिसतच नाही. म्हणून पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी गाईच्या मागे जाऊन बघायचं. ती बसली होती तिथल्या जमिनीवर, शेपटीच्या गोंड्याला, मांडीच्या आतल्या बाजूला. बळस अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा नितळ हवा, दोरीसारखा लांब लोंबणारा. दोन बोटांत धरून उजेडाकडे करा. त्यात पांढरे-पिवळे कण किंवा धागे दिसले, गढूळपणा असला, वास आला, तरच गर्भाशयात दाह आहे असं समजायचं आणि त्या माजाला भरवायची नाही.

यावरून पिशवीत औषध सोडण्याबद्दल सांगते. तुमच्या गाईचा बळस स्वच्छ आहे, वार अडकलेली नव्हती. अशा गाईच्या गर्भाशयात दर उलटीला प्रतिजैविक सोडायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. निरोगी पिशवीला त्याने त्रासच होतो, आणि औषधाचा अंश दुधात उतरतो ते वेगळंच. तपासणी न करता कुणी सोडू म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा.

आता दावणीत काय पडतं ते बघू, कारण माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच आहे. तुमच्या, माझ्या सगळ्या ऊसपट्ट्यात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जनावरं वाढ्यांवर असतात. स्वस्त पडतात, बांधावरच मिळतात, मला कळतं. पण वाढ्यांत ऑक्झलेट भरपूर असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे बाहेर घेऊन जातं. गाय दुधासाठी मग हाडांतलं कॅल्शियम काढत राहते. वाढ्यांत प्रथिनंही कमीच. त्यात खनिज मिश्रण बंद, म्हणजे स्फुरद, तांबं, जस्त यांचीही चणचण. हे कमी पडलं की दूध काही दिवस तसंच राहतं, पण गाभ धरणं आधी थांबतं. गाईचं शरीर आधी स्वतःला आणि वासराच्या दुधाला देतं, पुढच्या गर्भाचा नंबर शेवटी.

वाढे बंद करा म्हणणार नाही, ते तुम्हाला जमणारही नाही. एकूण वैरणीत ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. चुना आदल्या रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी वरची निवळी कुट्टीवर शिंपडा. उरलेल्यात मका, कडबा आणि दोन-चार गुंठ्यांत लसूणघास लावता आला तर फार बरं. तो हळूहळू वाढवा आणि थोडा सुकवून द्या, नाहीतर पोट फुगेल. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, दोन्ही पेंडीत कालवून. महिन्याला दीड किलो मिश्रण लागतं. एका वाया गेलेल्या माजात गाय २१ दिवस खाते, त्या खर्चाशी त्याची किंमत ताडून बघा.

पेंडही कमी पडते. हिशेब असा : शरीरासाठी एक-दीड किलो, आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. तुमच्या गाईला साडेसहा ते सात किलो लागते, लसूणघास मिळाला तर सहात भागेल. एकदम वाढवू नका, तीन-चार दिवसांनी अर्धा किलो अशी चढवा. पाणी दिवसभर समोर असू द्या.

येणारा एक माज सोडून द्या, त्या काळात खाणं सुधारा आणि डॉक्टरांकडून हात घालून तपासणी करून घ्या. बीजांडं ठीक असतील तर पुढच्या माजाला संध्याकाळी भरवा. बीज वेळेवर सुटावं म्हणून त्याच वेळी इंजेक्शन द्यायचं का, ते तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील. भरवल्यावर २१व्या दिवशी पहाटे बळस बघायला विसरू नका. उलटली नाही तर दोन-अडीच महिन्यांनी गाभणतपासणी करा. त्या आधी गाभण धरून चालू नका.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, घरी उस्मानाबादी शेळ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात चांगली धष्टपुष्ट करडं संध्याकाळी चरून आली आणि सकाळी मेलेली सापडली. असं का होतं?
– एक विद्यार्थी, जि. धाराशिव

उत्तर : बाळा, तू सांगतोस त्यावरून हा आंत्रविषारच वाटतो. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत करडं अधाशासारखी खातात. आतड्यातले जंतू त्यावर झपाट्याने वाढून विष सोडतात, म्हणून सगळ्यात गुबगुबीत करडूच आधी जातं. उपचाराला वेळ मिळत नाही, लसच द्यावी लागते. मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी. तीन-चार महिन्यांच्या करडाला पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा हवी, मग दरवर्षी एक. पावसाळा लागला की सकाळी कोरडा पाला खाऊ घालूनच चरायला सोड. पुन्हा असं करडू सापडलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाला ने, म्हणजे खात्री होईल.

प्रश्न : लाळ्या-खुरकताची लस दिली की दूध कमी होतं. यंदा टाळली तर चालेल का?
– एक वाचक, ता. संगमनेर

उत्तर : नाही. दूध दोन-चार दिवस उतरतं आणि परत येतं. रोग आला तर पूर्ण वेत जातं, तोंडात आणि खुरांत फोड येतात, लहान वासरं हृदयाला सूज येऊन दगावतात. लस दर सहा महिन्यांनी हवी. वासराला चौथ्या महिन्यात पहिली आणि महिन्याने दुसरी. २०१९पासून केंद्राच्या कार्यक्रमातून ती मोफत मिळते. गाय व्यायला टेकली असेल तर लसवाल्यांना तसं आधी सांगा. गावात लसीकरण होऊन गेलं असेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून विचारा.