मुलाचा खोकला आधी व्हायरल म्हणाले, आता बॅक्टेरियाचा म्हणतात. नक्की काय?

तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं बरोबर आहे. मुलगा तीन वर्षांचा, सर्दीनंतर पाच आठवडे ओला खोकला. पहिल्यांनी अँटिबायोटिक टाळलं, दुसऱ्यांनी दोन आठवड्यांचं दिलं. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि पावसाळ्यात असे पालक ओपीडीत नेहमी येतात.

श्वासनळीच्या अस्तरावरचे सूक्ष्म तंतू कफ सतत घशाकडे ढकलतात. रायनोव्हायरस, आरएसव्ही किंवा अ‍ॅडेनोव्हायरस असा सर्दी-खोकल्याचा विषाणू आला की या अस्तराची नासधूस होते. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण ही झाडलोट पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. तेवढ्यात एरवी नाका-घशात निमूट राहणारे जिवाणू खाली उतरतात. त्यात हिमोफिलस इन्फ्लुएंझा पुढे असतो (हा फ्लूचा विषाणू नव्हे, आणि बाळांना देतात ती हिबची लस याच जिवाणूच्या दुसऱ्या प्रकारासाठी असते, खोकला लांबवणाऱ्या या प्रकारावर चालत नाही). रायनोव्हायरसमुळे पेशींवर ज्या चिकटायच्या जागा वाढतात, तिथेच हा पकड घेतो. मग चिकट थर करून बसतो, त्यात औषध सहज शिरत नाही. म्हणूनच अँटिबायोटिकच्या तीन-पाच दिवसांच्या कोर्सने भागत नाही.

2006 साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी जुनाट खोकल्याची लहान मुलं बारकाईने तपासली, तेव्हा सर्वाधिक सापडलेलं कारण हेच होतं, म्हणजे श्वासनळीत रेंगाळलेला जिवाणूंचा संसर्ग. दमा बराच मागे. पुढे तिथेच अशा मुलांच्या फुफ्फुसातल्या द्रवात अ‍ॅडेनोव्हायरसही इतर मुलांपेक्षा जास्त आढळला. आपल्याकडे मात्र यातल्या कितीतरी मुलांना बालदमा म्हणून महिनोन्‌महिने पंप दिला जातो, याचा मला राग येतो.

ओला खोकला ओळखायचा कसा? या वयात मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. पाठीवर तळवा ठेवा, खोकताना घरघर हाताला लागते. पहाटे खोकून उलटी होते, त्यात तारेसारखा कफ दिसतो.

आता गोळाबेरीज नको, हिशेब सांगतो. बालवाडीतल्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणारच. त्या प्रत्येकीला अँटिबायोटिक देऊ नका. पण चार आठवडे रोज ओला खोकला असेल तर दोन आठवड्यांचा कोर्स पूर्ण करा, खोकला पाचव्या दिवशी थांबला तरी. बहुतेकदा अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट देतात. जुलाब झाले तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना फोन करा.

पुढच्या सर्दीत हे पुन्हा होऊ शकतं. वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा झालं, किंवा कोर्स होऊनही खोकला ओलाच राहिला, तर मुलांच्या छातीविकारतज्ज्ञांकडे जा, कारण श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा धोका असतो. वजन घटत असेल किंवा घरात कुणाला टीबी असेल तर टीबीची तपासणी आधी. आणि खोकला शेंगदाणे खाताना ठसका लागून अचानक सुरू झाला असेल, तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो; हे सगळं बाजूला ठेवून आजच दाखवा.