घरचं टपाल पनवेलात कसं दिसेल?

प्रश्न : ताई, पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आणि छोटं पॅकहाउस आहे. पॅकहाउसच्या नावाचं ईमेल घरच्या संगणकावर आउटलुकमध्ये येतं. फेब्रुवारीत कंटेनरच्या कामाला न्हावा शेव्याला गेलो होतो, मुक्काम पनवेलला साडूंकडे. होस्टिंगवाल्याने एक वेबपान दिलंय, त्यावर मेल उघडलं. रात्री साडेनऊला रॉटरडॅमच्या ग्राहकाचं पत्र दिसलं, पेट्यांवरच्या लेबलात बदल हवा होता. जेवून उत्तर देऊ म्हटलं. हात धुऊन परत बसलो तर पत्र गायब! घरी फोन केला तर मंडळी म्हणाल्या, इथं दिसतंय की. हॅक झालं का? एक मित्र म्हणतो, अशी वेबसाइट असते की पत्ता आणि पासवर्ड टाकला की कुठलंही मेल कुठूनही दिसतं. ती वापरू का?
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : हॅकबिक काही नाही. पत्र तुमच्याच घरच्या संगणकाने उचललं. मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, की रात्री मुलगा गेम खेळायला संगणक लावतो आणि लावला की आउटलुक आपोआप उघडतं. तिथेच उलगडा झाला.

आपण म्हणतो ‘घरचं ईमेल’, पण पत्र आधी घरी येतच नाही. ते होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर तुमच्या नावाच्या कप्प्यात पडतं. पनवेलला तुम्ही पाहिलात तो हा कप्पा. घरचं आउटलुक ठरावीक वेळाने तिथे जातं, सहसा दर अर्ध्या तासाने, आणि टपाल घेऊन येतं. या पद्धतीचं नाव पॉप. पूर्ण नाव ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’, म्हणजे नावातच पोस्ट आहे. ती 1984 सालची, लोक तासावर पैसे मोजून फोनच्या तारेवरून जोडणी करायचे तेव्हाची. पत्र उचलायचं, कप्पा मोकळा करायचा, जोडणी तोडायची. तेव्हा शहाणपणाचंच होतं ते.

पत्र उचलल्यावर त्याची प्रत सर्व्हरवर ठेवायची की पुसायची, हे आउटलुकमधल्या एका खुणेवर ठरतं. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशा अर्थाची चौकट असते, खात्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली. तुमची ती खूण काढून टाकलेली निघाली. कुणी काढली? तुम्हीच म्हणालात की दोन वर्षांपूर्वी ‘मेलबॉक्स भरला’ असा संदेश येत होता, तेव्हा एका पोराने येऊन ‘दुरुस्त’ करून दिलं. फायटोसॅनिटरीच्या, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्यांच्या पीडीएफ आणि घडांचे फोटो यांनी कप्पा भरणारच. पण त्याने गळती थांबवायला नळच कापला.

आज रात्रीपुरता उपाय एवढाच, की ती चौकट परत लावा आणि खालची ‘अमुक दिवसांनी काढा’ ही चौकट 30 दिवसांवर ठेवा. म्हणजे महिनाभराची पत्रं पनवेलातही दिसतील. आधीच पुसली गेलेली मात्र घरच्या संगणकावरच आहेत, ती वेबपानावर उगवणार नाहीत.

कायमचं करायचं तर पॉपऐवजी आयमॅप ही दुसरी पद्धत घ्या. त्यात टपाल सर्व्हरवरच राहतं. घरचा संगणक, फोन, साडूंचा लॅपटॉप, सगळे त्याच एका कप्प्यात डोकावतात. एकीकडे वाचलं की दुसरीकडेही वाचलेलं दिसतं. इथे मात्र पुष्कळजण फसतात, म्हणून नीट वाचा. आउटलुकमध्ये पॉपचं खातं बदलून आयमॅप करता येत नाही, तेच खातं नव्याने आयमॅप म्हणून जोडावं लागतं. जुनं खातं घाईने काढून टाकू नका. आधी जुन्या पत्रांची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, मग हवी ती पत्रं नव्या खात्यात ओढून टाका, सर्व्हरवर ती दिसतात का ते वेबपानावर बघा, आणि मगच जुनं खातं काढा. होस्टिंगवाल्याकडून जागाही थोडी वाढवून घ्या, कारण आता सगळं तिथेच राहणार. हे काम हंगामात करू नका. खरड छाटणी उरकली की निवांत बसा.

आता मित्राच्या वेबसाइटबद्दल. अशा साइट खरंच असतात आणि मी त्या जवळून पाहिल्यात. 2003 च्या सिंहस्थात पंचवटी कारंज्याजवळ माझं सायबर कॅफे होतं, सहा संगणक आणि एक कुरकुरणारा पंखा. एक जर्मन बाई रोज दुपारी यायच्या. वहीत लिहिलेला पत्ता, सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड अशा साइटवर टाकायच्या. साइट त्यांच्या वतीने जर्मनीतल्या सर्व्हरकडे जायची आणि आईची पत्रं इथे गोदाकाठी दाखवायची. मला ती जादूच वाटली होती. एके दिवशी बाई लॉगआउट न करता गेल्या. पुढचा मुलगा निकाल बघायला बसला आणि ओरडला, “ताई, हे कुठल्या भाषेत आहे?” मी पटकन पान बंद केलं. दोनेक महिन्यांनी संगणक फॉरमॅट करताना सापडलं, की त्याच यंत्रात कुणीतरी कीबोर्डवर दाबलेल्या कळांची नोंद ठेवणारा प्रोग्राम टाकून गेलं होतं. बाईंचा पासवर्ड त्यात होता की नाही, कोण जाणे. चूक माझी, यंत्र माझं होतं.

म्हणून, तुमच्या होस्टिंगवाल्याचं स्वतःचं वेबपान असताना तिसऱ्याच्या पानावर पासवर्ड टाकू नका. ग्राहकाचे दर, बँकेचे तपशील, सगळं त्या खात्यात आहे. पॅकहाउसची किल्ली रस्त्यातल्या माणसाला देऊन ‘जरा आत काय आहे बघून सांग’ म्हणाल का? आणि साडूंच्या लॅपटॉपवर ब्राउझरची खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडा, ‘पासवर्ड साठवू का?’ विचारलं तर नाही म्हणा. साडू कितीही सज्जन असले तरी.

प्रश्न : वाचनालयाच्या संगणकावर जीमेल उघडलं आणि लॉगआउट न करता घरी आले. आता परत जाऊ का?
– निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : बाई, रिक्षाचे पैसे वाचवा. घरच्या संगणकावर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, पत्रांच्या यादीच्या तळाशी उजवीकडे बारीक अक्षरात शेवटच्या वापराची वेळ असते आणि शेजारी ‘तपशील’. ते दाबलं की बाकी सगळीकडून बाहेर पडायचं बटण मिळतं. ते दाबा आणि लगेच पासवर्ड बदला. फोनच्या ॲपमध्ये ती ओळ शोधत बसू नका, तिथे नाही.