लाईट गेली की पाइप फुटतो: डिलिव्हरीवर कोणता व्हॉल्व्ह?

प्रश्न: नदीवरून दीड किलोमीटरवर पाणी उचलतो. चढ ३० मीटर, मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र) साडेसात एचपी, ३ इंची पीव्हीसी. एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे, तरी लाईट गेली की धाडकन आवाज होतो. यंदा तीनदा पाइप फुटला. दुकानदार बॉल व्हॉल्व्ह बसवा म्हणतो. बसवू का?

उत्तर: नको. लाईट जाते तेव्हा कॉक बंद करायला तिथे कोण असतं? शिवाय बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. घाईत दांडा ओढलात, तर आज लाईट देते तो दणका उद्या तुमचाच हात देईल. हाताने बंद करायला गेट व्हॉल्व्हच बरा. त्याचं चाक फिरवायला वेळ लागतो, हाच त्याचा गुण. मात्र तो अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी करू नका. पातं थरथरतं, झिजतं आणि पुढे पूर्ण बंद करूनही गळतं.

दणक्याचं कारण बहुधा तुमचा एनआरव्हीच आहे. झडपेचा असेल तर चढावरचं पाणी उलटं फिरल्यावर ती झडप आपटते, आणि दीड किलोमीटरचं पाणी एका क्षणात अडतं. स्प्रिंगचा एनआरव्ही घ्या. प्रवाह मंदावताच, पाणी उलटायच्या आत तो मिटतो. बाण पाण्याच्या दिशेने ठेवा. पंपानंतर आधी एनआरव्ही, मग गेट व्हॉल्व्ह. म्हणजे पुढे एनआरव्ही खोलताना लाइन रिकामी करावी लागत नाही. वाटेत उंचवटे असतील तर प्रत्येक माथ्यावर हवा आत-बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह लावा.

पाइपावर काय छापलंय तेही वाचा. ३० मीटर चढ म्हणजे पाणी नुसतं उभं असलं तरी पंपाजवळ ३ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब. मोटर चालू असताना घर्षणाचा वेगळा, दणक्याचा त्याहून वेगळा. तिथे ४ किलो दाब सोसणारा पाइप असेल तर व्हॉल्व्ह बदलून भागणार नाही. पंपाकडची लाइन निदान ६ किलोची, शक्यतो १० किलोची करा.

आणि लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच असेल तर तोही बघा! लाईट झटकन येऊन-जाऊन करते, तेव्हा उलट येणाऱ्या पाण्यावरच मोटर पुन्हा सुरू होते. मोटर दोन-तीन मिनिटं थांबून सुरू होईल असा टायमर स्टार्टरला लावून घ्या.